पार्श्वभूमी: चिलिकाचं सरकतं मुख

ओडिशातल्या पुरी, खुर्दा आणि गंजाम जिल्ह्यांत पसरलेलं चिलिका सरोवर उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर असतं, पावसाळ्यात साडेअकराशेच्या घरात जातं. शाळेच्या भूगोलात त्याला 'खाजण सरोवर' म्हणतात, म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून तोडलेलं उथळ पाणी. कोकणातल्या माणसाला मात्र खाजण म्हटलं की भरतीचं पाणी चढणारी चिखलट जमीनच आठवते, त्यामुळे थोडा घोटाळा होतो.

इथे आधी उथळ आखात होतं. काही हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी स्थिरावली, किनाऱ्याने वाहत येणारी वाळू तोंडाशी साचली आणि लांबलचक दांडा तयार झाला. आत कोंडलं ते चिलिका. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी या शाखा गोडं पाणी आणि गाळ ओततात, समुद्राकडे उघडणाऱ्या मुखातून खारं पाणी शिरतं. मासळीचं सगळं गणित या मिसळीवर. पण वाळू काही थांबत नाही; ती मुख बुजवते, ईशान्येकडे ढकलत नेते.

सरोवर कसं झालं याची तिथली दंतकथा याहून झकास आहे. रक्तबाहू नावाचा राजा जहाजांतून पुरी लुटायला आला. जहाजं लांब दडवली, पण घोड्यांची लीद लाटांवर तरंगत किनाऱ्याला लागली. लोक सावध झाले आणि जगन्नाथाची मूर्ती घेऊन निघून गेले. समुद्राने फितुरी केली म्हणून राजा समुद्रावरच चालून गेला. पाणी आधी मागे हटलं, मग उसळून आलं. सैन्य बुडालं, आत आलेलं पाणी तिथेच राहिलं.

दुसरी फितुरी मात्र इतिहासातली, आणि ती आपल्या घरची. १७५१ पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होतं. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल हारकोर्टची इंग्रज फौज गंजामहून निघाली ती याच वाळूच्या दांड्यावरून. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे चिलिका. वाटेत माणिकपाटणजवळ मुख ओलांडणं भाग होतं. अशा चिंचोळ्या जागी थोड्या माणसांनीही फौज अडवता आली असती. पण तिथला मराठ्यांचा फौजदार फतेह महंमद इंग्रजांना मिळाला आणि बक्षिसात त्याला मालूदची जहागीर मिळाली. १८ सप्टेंबरला पुरी पडली. मराठे आणि इंग्रजांची असईची लढाई त्यानंतर पाच दिवसांनी झाली. आपल्याकडे आठवते ती तेवढीच. डिसेंबरात देवगावच्या तहाने ओडिशाचा किनारा कायमचा गेला.

१९८१ मध्ये चिलिका रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं; भारतातल्या पहिल्या दोन पाणथळ जागांपैकी एक. पण तोवर मुख अरुंद होत चाललं होतं. खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. त्याच काळात कोळंबीला सोन्याचा भाव आला. पैसेवाल्यांनी पाण्यात जाळ्यांची कुंपणं घातली, तिथे त्यांना 'घेरी' म्हणतात, आणि पिढीजात मच्छीमार स्वतःच्याच पाण्याबाहेर पडले. १९९३ मध्ये चिलिका रामसरच्या धोक्यातल्या जागांच्या यादीत गेलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काठापासून हजार मीटरच्या आत कोळंबीशेतीला बंदी घातली, तरी घेरी उठल्या नाहीत. याच वादात मे १९९९ मध्ये सोराना गावात पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा जीव गेला.

सप्टेंबर २००० मध्ये चिलिका विकास प्राधिकरणाने सातपाड्याजवळ सिपाकुडा इथे दांडा कापून नवं मुख उघडलं. समुद्रापर्यंतची वाट १८ किलोमीटरने कमी झाली. मासळी आणि खेकडे काही महिन्यांतच वाढले आणि २००२ मध्ये चिलिका धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. इरावदी डॉल्फिन बघायला पर्यटकांच्या होड्या आज याच बाजूला फिरतात. आणि कापलेलं मुखही एका जागी राहिलेलं नाही. वाळूने तेही सरकवायला घेतलं.