हिऱ्याच्या नव्या कटची रचना

हिऱ्यावर पैलू किती, कोणत्या आकाराचे, कोणत्या क्रमाने आणि किती अंशांच्या कोनात पाडायचे हे ठरवून पैलूकामाचा नवा नमुना आखण्याची क्रिया. खड्याचा बाह्य आकार आणि त्याचा कट या वेगळ्या गोष्टी आहेत. चौकोनी घडणीतच प्रिन्सेस, रेडियंट आणि ॲशर असे दिसायला अगदी निराळे तीन कट बसतात. नवा कट म्हटला की पैलूंचा आकडाच आधी सांगितला जातो. प्रत्यक्षात त्या आकड्यावरून कटबद्दल फारच थोडे कळते. खरे काम असते ते खड्यात शिरलेला प्रकाश कुठून यावा आणि कुठे जावा हे ठरवण्याचे.

हिऱ्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचे माप, सुमारे 2.42 आहे, त्यामुळे त्याचा सीमांत कोन जेमतेम 24.4 अंश भरतो. आतून येणारा किरण पैलूच्या लंबाशी याहून मोठा कोन करत असेल तर तो बाहेर न पडता पूर्णपणे परावर्तित होतो. गोल ब्रिलियंट या नेहमीच्या गोल कटात गर्डलखालच्या (गर्डल म्हणजे खड्याची सर्वांत रुंद कड) भागाचे, म्हणजे पॅव्हिलियनचे, मुख्य पैलू आडव्या पातळीशी साधारण 40.75 अंशांवर असतात. वरच्या सपाट टेबलमधून सरळ खाली आलेला किरण पहिल्या पैलूवर 40.75 अंशांनी आपटतो, जवळजवळ आडवा होऊन समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून लंबाशी 17 अंशांचा कोन करत टेबलकडे परततो. 17 हे 24.4 पेक्षा कमी, म्हणून तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडताना वाकून सुमारे 45 अंशांनी तिरपा होतो. हाच मार्ग उलटा वाचला की डिझाइनमधले मर्म कळते : वरून सरळ पाहणाऱ्याला त्या जागी दिसतो तो 45 अंशांवरून आलेला प्रकाश. पॅव्हिलियन बरोबर 45 अंशांचे केले, तर दोन परावर्तनांनंतर किरण आल्या वाटेनेच परत फिरतो. पाहणाऱ्याला मग स्वतःच्याच डोक्याची सावली दिसते आणि खड्याचा मध्य काळा पडतो. कोन फार उथळ ठेवला तर टेबलच्या आत गर्डलचे प्रतिबिंब राखाडी कड्यासारखे उमटते; याला ‘फिश-आय’ म्हणतात. लांबट आकारांत मध्यावर आडवा येणारा काळा ‘बो-टाय’ हाही बव्हंशी डोक्याच्या सावलीचाच प्रकार आहे.

पैलू वाढवले की चमक वाढते हा समज टिकाऊ आहे, पण अर्धाच खरा. पैलू जितके बारीक, तितक्या झळाळ्या लहान, आणि एका मर्यादेनंतर डोळ्याला त्या वेगळ्या कळत नाहीत. खडा नुसता भुरभुरीत दिसतो. रंगांच्या ठिणग्यांसाठी तर रुंद पैलू लागतात, कारण विखुरलेल्या वर्णपटाचा एखादाच रंग डोळ्याच्या बाहुलीत शिरला तरच तो ठसठशीत दिसतो. म्हणून अगदी लहान खड्यांना आजही 17 किंवा 18 पैलूंचा सिंगल कट दिला जातो. याउलट गाबी टोल्कोव्स्की यांनी घडवलेल्या 273.85 कॅरटच्या सेंटेनरी हिऱ्यावर गर्डल धरून 247 पैलू आहेत, आणि तेवढ्या मोठ्या खड्याला ते पेलतात.

कागदावर सुरेख दिसणाऱ्या कितीतरी आकृत्या स्फटिकापाशी अडतात. हिऱ्याची कठिणता सगळ्या दिशांना सारखी नसते. अष्टफलकाच्या, म्हणजे तळाला तळ लावलेल्या दोन पिरॅमिडांसारख्या आठ पृष्ठांच्या आकाराच्या, पृष्ठाला समांतर पैलू जवळजवळ पॉलिशच होत नाही, म्हणून तो काही अंश कलवावा लागतो. शिवाय कच्चा खडा बहुधा अष्टफलकी असतो. तो मधोमध कापून कापलेला भाग टेबल केला, तर त्याच्या बाजू टेबलशी 54.7 अंशांचा कोन करतात. त्या गोल ब्रिलियंटच्या 40.75 अंशांवर आणायच्या म्हणजे बरेच वजन घालवणे आले. गोल कटात निम्म्याच्या आसपास खडा भुकटीत जातो. प्रिन्सेस हा चौकोनी आणि खोल असल्याने मुळातल्या आकाराशी जुळतो आणि वजन पुष्कळ वाचवतो. त्याच्या यशामागे सौंदर्याइतकाच हा हिशेब आहे, हे जाहिरातींत सहसा येत नाही.

पूर्वी कट पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू बदलत. 1870 च्या दशकात बॉस्टनमध्ये हेन्री मोर्स यांच्या कारखान्यात हिरा यंत्राने गोल करण्याची सोय झाली आणि गोल कट काटेकोर होऊ लागला. 1919 मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी गणिताने प्रमाणे मांडली : टेबल व्यासाच्या 53 टक्के, गर्डलवरच्या भागाचा, म्हणजे क्राउनचा, कोन 34.5 अंश, पॅव्हिलियन 40.75 अंश. त्यांचे गणित मुख्यतः एका उभ्या छेदातल्या किरणांपुरते होते, तरी त्यांची प्रमाणे आजच्या उत्तम गोल खड्यांच्या जवळ बसतात. ॲशर घराण्याचा पायऱ्यांचा कट (लांबट समांतर पैलू पायऱ्यांसारखे रचलेला) 1902 चा, 58 पैलूंचा. 2001 मध्ये त्याच घराण्याने 74 पैलूंचा नवा अवतार आणला. हेन्री ग्रॉसबार्ड यांनी 1977 मध्ये रेडियंट काढला. पायऱ्यांच्या कटाची रूपरेषा ठेवून आत ब्रिलियंटची चमक आणणारी ही कल्पना अस्सल होती. त्यानंतर ‘नवा’ म्हणून आलेल्या अनेक कटांत जुन्याच मांडणीवर पैलूंची एक जादा रांग आणि एक आकर्षक नाव यापलीकडे फारसे काही नसते.

आता रचना संगणकावर होते. त्रिमिती प्रतिमानातून हजारो किरण सोडून, खडा हलवत, वेगवेगळ्या उजेडात तो कसा दिसेल हे आधीच पाहता येते. काच किंवा क्युबिक झिर्कोनिया या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्यावर नमुना पाडून भौमितिक मांडणी तपासता येते, पण वक्रीभवनांक वेगळा असल्याने चमकेचा अंदाज त्यावरून घेता येत नाही.

तयार रचनेला पेटंट आणि नावाला ट्रेडमार्क मिळू शकतो. पेटंटची मुदत ठरावीक असते, ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण करत राहिल्यास टिकतो. त्यामुळे व्यापारात अनेकदा रचनेपेक्षा नावच जास्त जपले जाते. प्रतवारी ही नव्या कटची वेगळीच अडचण. जीआयए या रत्नांची प्रतवारी करणाऱ्या संस्थेने 2006 पासून लागू केलेली कटची प्रत गोल ब्रिलियंटपुरती होती, आणि नव्या रचनेला असे तयार माप नसल्याने ती चांगली आहे हे ग्राहकाला पटवून देण्याचा भार तिच्या कर्त्यावरच पडतो.