रोबोचं एक पाऊल, पाच ट्रॅक

आम्ही व्हिडिओसाठी आवाज तयार करतो. आम्ही पाठवलेलं रोबोचं पाऊल तुम्हा एडिटरना एकच आवाज म्हणून ऐकू येतं. आमच्या प्रोजेक्टमध्ये मात्र त्याचे निदान पाच थर असतात. तळाला ‘धप्प’, त्यावर पत्र्याचा ‘ठण्ण’, गुडघ्यातल्या मोटरची घरघर, हवा सुटल्याचा ‘फुस्स’ आणि पाय टेकल्यावर किंचित उशिरा येणारी सैल नटबोल्टांची खुळखुळ. हा शेवटचा थर सगळ्यात हळू असतो, पण आमच्या मते रोबोचं वजन खरं तोच सांगतो.

हे थर आम्ही अवयवांप्रमाणे लावतो. पाय, हात, मान, छातीतलं यंत्र आणि बोलणं, प्रत्येकाचा वेगळा फोल्डर आणि वेगळी बस (अनेक ट्रॅक एकत्र आणणारी वाट). ट्रॅकला नावही कामावरून देतो. घरघर कदाचित जुन्या प्रिंटरची असेल, पण ट्रॅकचं नाव ‘गुडघा मोटर’. प्रिंटरचा उल्लेख शेऱ्यात. ‘ड्रिल नवीन ४ फायनल’ अशी नावं आम्हीही एके काळी ठेवली आहेत. सहा महिन्यांनी तोच प्रोजेक्ट उघडल्यावर आमचं आम्हालाच काही उमगेना.

थर वाढवले की आवाज भरदार होतो, हा समज अर्धाच खरा. दोन खर्ज आवाजांचे फेज, म्हणजे त्यांच्या लहरींचे चढउतार, उलटे पडले तर ते एकमेकांना खातात आणि पाऊल उलट पोकळ होतं. म्हणून खर्ज फक्त ‘धप्प’कडे ठेवतो; बाकीच्या थरांना साधारण १०० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावतो. एखादा थर बंद करून फरक कळला नाही, तर तो काढूनच टाकतो.

स्टेम, म्हणजे एका गटाचे थर मिसळून दिलेली वेगळी फाइल, तुमच्या एडिटमध्ये घेताना एक काळजी घ्या. ‘धप्प’ आणि ‘ठण्ण’ यांच्यात साधारण २० मिलिसेकंदांपर्यंत अंतर असेल तर कान त्यांना एकच आघात मानतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे एखादा स्टेम चुकून एका फ्रेमने सरकला, की तो बाकीच्या आवाजांपासून सुटल्यासारखा ऐकू येतो. सगळे स्टेम एकाच बिंदूपासून सुरू होतात आणि त्यांची लांबीही सारखी असते. मधे नुसती शांतता असली तरी ती कापू नका, आणि हलवायचे झाले तर ग्रुप करून हलवा.

मोटरचे आवाज सुरुवात, लूप (पुन्हा पुन्हा वाजवता येणारा भाग) आणि थांबणं अशा तीन तुकड्यांत ठेवतो. हात उचलण्याचा शॉट लांबला तर फक्त मधला तुकडा वाढतो.

बोलण्याचा मूळ, प्रक्रिया न केलेला ट्रॅक आम्हाला हवाच. रिंग मॉड्युलेटरने (आवाजाला एका स्थिर सुराने गुणणारं साधन) आवाज यांत्रिक होतो, पण शब्दही पुसट होतात. मग मूळ आवाज खाली थोडा मिसळावा लागतो.

आमचं बरंचसं रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झला असतं, कारण आवाज एक सप्तक खाली आणला की त्यातल्या सगळ्या कंप्रता निम्म्या होतात. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतच्याच कंप्रता मावतात. एक सप्तक उतरवल्यावर १२ किलोहर्ट्झपर्यंतच्याच उरतात आणि आवाज दबतो. तुम्हाला फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्येच मिळेल.

बदल कळवताना अवयव आणि टाइमकोड (व्हिडिओतली नेमकी वेळ) लिहा. टाइमकोडसोबत ‘उजवा पाय, ठण्ण कमी’ एवढं पुरतं. काम गेमचं असेल तर आधीच सांगा; तिथे स्टेमऐवजी सुटे थर आणि प्रत्येक पावलाचे चार-पाच वेगळे नमुने द्यावे लागतात.