दुखणारा सांधा किती हलवावा?

गुडघा दुखू लागला की ‘झीज झाली’ आणि ‘वंगण संपले’ हे दोन शब्दप्रयोग हमखास कानावर पडतात. दोन्ही यंत्राच्या भाषेतून आलेले आहेत आणि त्यांत थोडेफार तथ्यही आहे, पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकतो. झिजत चाललेले यंत्र कमी वापरावे हे खरे. म्हणून मग जिना टाळला जातो, फिरायला जाणे बंद होते आणि उठण्याबसण्याचे प्रत्येक काम दुसऱ्यावर सोपवले जाते. वर्षभराने पाहावे तर गुडघा पूर्वीपेक्षा अधिक दुखत असतो आणि पायही बारीक झालेला असतो.

सांधा यंत्रासारखा का वागत नाही, हे कूर्चेकडे पाहिले की उमगते. दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचे जे गुळगुळीत आवरण असते, त्याची जाडी गुडघ्यात काही मिलिमीटरच भरते आणि त्याच्या वजनाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. या आवरणात रक्तवाहिन्या नसतात. कूर्चेतील पेशींना पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातील चिकट द्रवातून, आणि ते आत झिरपण्यास मदत होते ती सांध्यावर आलटून पालटून पडणाऱ्या दाबाची. पाऊल टेकले की कूर्चा किंचित दबते आणि तिच्यातले पाणी बाहेर येते. पाऊल उचलले की ती पुन्हा फुगते व द्रव आत ओढून घेते. पाण्यात बुडवून ठेवलेला स्पंज दाबून सोडावा, तसाच हा प्रकार आहे. दिवसचे दिवस पाय हलवलाच नाही तर हे झिरपणे मंदावते. ज्या ‘वंगणा’ची एवढी काळजी केली जाते, ते सांध्यात फिरते ठेवण्याचे काम हालचालच करते.

कूर्चेत संवेदना वाहून नेणारे मज्जातंतूही नसतात. त्यामुळे दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर, भोवतालचे बंध आणि थकलेले स्नायू. एक्स-रे पाहून धास्तावणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे, कारण चित्रातली झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही. भरपूर झीज दिसूनही व्यवस्थित हिंडणारी माणसे असतात, तसेच जवळजवळ निर्दोष एक्स-रे हाती घेऊन लंगडणारीही असतात. झीज पूर्ववत करता येत नाही. वेदनेचे इतर धागे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.

त्यांतला सर्वांत मोठा धागा म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्यात सूज आली की मेंदू आणि मज्जारज्जू या स्नायूला मिळणारे आदेश आपोआप कमी करतात. निरोगी माणसांच्या गुडघ्यात थोडे निर्जंतुक खारे पाणी टोचून केलेल्या प्रयोगांत, वेदना नसतानाही हा स्नायू तात्पुरता ढिला पडलेला आढळला. म्हणजे सांधा सुजतो, त्यामुळे स्नायू काम सोडतो, स्नायूने न पेललेला धक्का सांध्यावर येतो आणि सांधा अधिक दुखतो. केवळ विश्रांतीने हे चक्र तुटत नाही, उलट त्याला गती मिळते.

हे चक्र मोडण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. हात नसलेली एक भक्कम खुर्ची पुरते. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, कमरेतून पुढे झुकावे आणि हातांचा आधार न घेता उभे राहावे. खरा व्यायाम त्यानंतर सुरू होतो. बसताना धपकन अंग टाकून न देता मनात चार अंक मोजत सावकाश खाली यावे आणि गुडघे आतल्या बाजूला न वळता पायाच्या बोटांच्या रेषेत राहतील याकडे लक्ष द्यावे. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठकीची उंची वाढवावी. सोपे वाटू लागले की उशी काढावी. आठ ते दहा वेळा उठबस, मग थोडा दम खाऊन आणखी एक फेरी, आणि असे आठवड्यातून दोन-तीन दिवस, एवढी सुरुवात पुरेशी आहे. त्याच्या जोडीला सपाट जमिनीवर चालणे, सायकल किंवा पोहणे यांपैकी जे आवडेल ते करावे. चालणेच असह्य असेल तर छातीपर्यंतच्या पाण्यात चालून पाहावे. तिथे सांध्यांवर येणारा शरीराचा भार निम्म्याहूनही कमी होतो.

आता शीर्षकातला प्रश्न. व्यायाम करताना थोडे दुखले तर थांबायचे का? डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी सुरू झालेल्या व्यायाम कार्यक्रमात याचे फार व्यवहार्य उत्तर दिले जाते. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. दोनपर्यंतची वेदना निर्धोक समजावी, पाचपर्यंतची चालण्यासारखी, आणि त्यापुढे गेल्यास व्यायाम हलका करावा. शिवाय वाढलेली वेदना २४ तासांत नेहमीच्या पातळीवर उतरली पाहिजे. ती उतरली नाही तर व्यायाम चुकला असे नव्हे, त्याची मात्रा जास्त झाली एवढाच त्याचा अर्थ. औषधाची मात्रा जशी रोगी पाहून ठरते तशीच याचीही ठरावी. माझ्या मते व्यायामाच्या चित्रांनी भरलेल्या तक्त्यापेक्षा हा एक नियम रुग्णाच्या अधिक कामाचा आहे.

या मात्रेचा घोळ व्यायामापेक्षा घरकामात अधिक होतो. बरे वाटते त्या दिवशी आठवड्याची तुंबलेली कामे एका दमात उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, ही सवय अनेकांना असते. काम तुकड्यांत वाटून घेणे, दर अर्ध्या तासाने बैठक मोडणे आणि दुखायच्या आधीच थांबणे हे कंटाळवाणे असले तरी वेदनेचे चढउतार त्यानेच कमी होतात.

वजनाविषयी बोलणे अनेकांना खुपते, पण गणित स्पष्ट आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उतरलेल्या दर एक किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला आढळला. त्याच गटाने २०१३ साली ४५४ स्थूल व जादा वजनाच्या व्यक्तींवरील दीड वर्षाचे निष्कर्ष मांडले. आहारनियंत्रण आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे वजन सरासरी साडेदहा किलोंच्या आसपास उतरले आणि त्यांच्या वेदना केवळ एकच उपाय करणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्या. धावण्याने गुडघे खराब होतात ही समजूतही तपासण्याजोगी आहे. २०१७ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात हौसेने धावणाऱ्यांत गुडघा व खुब्याच्या झिजेचे प्रमाण ३.५ टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. (अर्थात ज्यांचे गुडघे मुळातच चांगले असतात तेच धावत राहतात, हेही यामागचे एक कारण असू शकते, दुखऱ्या गुडघ्याने उद्यापासून धावत सुटावे, असा त्याचा अर्थ नाही.)

येथवरचे विवेचन मुख्यतः झिजेच्या संधिवाताला, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसला लागू आहे. आमवातात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. तिथे औषधे आधी आणि व्यायाम त्यांच्या साथीने. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटतो की तासाहून अधिक टिकतो, यावरून डॉक्टरांना दोन्हींतला फरक ओळखायला मदत होते. आमवाताच्या रुग्णांना एके काळी सक्तीची विश्रांती सांगितली जाई. नेदरलँड्समध्ये सुमारे ३०० रुग्णांना दोन वर्षे जोरकस व्यायाम देऊन केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगाचा जोर वाढलेला दिसला नाही. मात्र मोठ्या सांध्यांची आधीच बरीच हानी झालेल्यांनी जपून राहावे, असेही त्यात दिसले. धूम्रपान आमवाताचा धोका वाढवते, हे मात्र निःसंशय. आणि एखादा सांधा अचानक लाल व गरम होऊन टरारून सुजला, सोबत ताप असला, तर व्यायाम, शेक, काढे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

किरकोळ उपायांत आखडलेपणाला शेक आणि सुजेला गार पट्टी मानवते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, पण बरीच माणसे ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. सांध्यांसाठी खपणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता त्या औषधविरहित गोळीपेक्षा विशेष सरस ठरल्या नाहीत.

स्नायूंना ओळखू येण्याइतके बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यातच ‘फरक पडत नाही’ म्हणून सोडून देतात. मधे आजारपणाने किंवा प्रवासाने खंड पडला तर जिथे थांबलो तिथून सुरुवात करू नये. फेऱ्या निम्म्यावर आणाव्यात, खुर्चीवर उशी पुन्हा ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय सांगतो ते पाहून पुढची मात्रा ठरवावी.