बाल्साची पट्टी आणि जाडीचा घन

आमच्या परभणीच्या शाळेत नववीच्या मुलांनी गेल्या हिवाळ्यात रबराच्या पिळावर उडणारे, बाल्सा या हलक्या लाकडाचे विमान आराखड्यावरून बांधायला घेतले. पंखाचा सांगाडा जमला, त्यावर टिश्यू कागद चिकटवला, तो ताठ बसावा म्हणून त्यावर पाणी फवारले, आणि वाळताना आकसलेल्या कागदाने अकरापैकी चार रिबा, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या, वाकवून टाकल्या. पाहायला आलेले एक पालक म्हणाले, की इतक्या हलक्या लाकडाचे असेच होणार. हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे, कारण त्याच शीटमधून त्याच जाडीच्या कापलेल्या उरलेल्या सात रिबा अगदी सरळ होत्या. वाकलेल्या चार रिबा तुकडा वाया जाऊ नये म्हणून शीटवर आडव्या मांडून कापल्या होत्या. आराखड्यात रिबेच्या आकृतीवर एक छोटा बाण होता, तंतूंची दिशा सांगणारा, आणि त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

बाल्सा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले झाड असून जगाला त्याचा मोठा पुरवठा इक्वेडोरमधून होतो. कुळ पाहिले तर ते आपल्या कापसाचे आणि काटेसावरीचे भाऊबंद आहे. झाड झपाट्याने वाढते आणि सहा ते दहा वर्षांत तोडायला येते. एक घनमीटर सागाचे वजन साधारण 640 किलो भरते, तर बाल्साचे साधारण 160 किलो, म्हणजे चौथा हिस्सा. तंतूंच्या दिशेने ताणले तर बाल्सा विरोधही सागाच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढाच करतो. वजनाच्या हिशेबात इथे दोघेही बरोबरीत सुटतात; इतकेच काय, पोलादसुद्धा त्याच पंगतीत बसते. मग विमान बांधणारे बाल्साच का निवडतात?

याचे उत्तर वाकण्यात आहे. एखादी पट्टी वाकवली की तिची वरची बाजू आखडते, खालची ताणली जाते आणि मधला थर जवळजवळ जसाच्या तसा राहतो. आता पट्टीची जाडी दुप्पट करून ती तेवढीच वाकवली, तर तीन गोष्टी एकदम घडतात. विरोध करणारे थर दुप्पट होतात. कडेचे थर मध्यापासून दुप्पट अंतरावर गेल्यामुळे दुप्पट ताणले जातात. आणि त्याच अंतरामुळे त्यांच्या बळाला तरफेचा हातही दुप्पट लांब मिळतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. वाकण्याला होणारा विरोध असा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सागाच्या 1 मिलिमीटर पट्टीच्या वजनात त्याच लांबी-रुंदीची बाल्साची 4 मिलिमीटर पट्टी मिळते. चाराचा घन 64. लाकूड चौपट लवचीक असल्यामुळे त्याला चाराने भागायचे, म्हणजे 16. तेवढ्याच वजनात सोळापट ताठपणा हाती येतो, आणि तो लाकडाच्या कणखरपणातून नव्हे, निव्वळ जाडीतून येतो.

हाच घन आडव्या दिशेला मात्र उलटतो. बाल्साचे लाकूड म्हणजे पातळ भिंतींच्या लांबट, नळीसारख्या पेशींची मोळी असते. बळ नळ्यांच्या लांबीला लागले की सगळ्या भिंती सरळ ताणल्या किंवा दाबल्या जातात, त्यामुळे ताठपणा भिंतींमधल्या लाकडाच्या प्रमाणातच कमी होतो. बळ आडवे लागले की नळ्या चेपतात, म्हणजे त्यांच्या भिंती वाकतात, आणि वाकण्याचा विरोध पुन्हा भिंतीच्या जाडीच्या घनावर ठरतो. भिंतीची जाडी निम्मी असेल, तर विरोध आठवा हिस्साच उरतो. म्हणून आडव्या दिशेला बाल्सा उभ्या दिशेपेक्षा दहा पटींहूनही अधिक कमजोर ठरतो. आकसणारा कागद पंखाची पुढची आणि मागची कड एकमेकींकडे ओढत होता. ज्या रिबांचे तंतू त्या ओढीच्या रेषेत होते त्या टिकल्या, बाकीच्या वाकल्या.

ज्वारीच्या धाटाची बैलगाडी केलेल्या प्रत्येकाने याच तत्त्वाचे दुसरे रूप हाताळलेले आहे. धाटाची कडक साल बाहेर, म्हणजे सर्वाधिक ताण जिथे येतो तिथे असते, आणि आतले भेंड त्या सालीला मध्यापासून दूर धरून ठेवण्याचे काम करते. नोव्हेंबर 1940 मध्ये प्रथम उडालेल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानाचे धड अशाच रचनेचे होते: दोन्ही बाजूंना बर्च लाकडाचे पातळ प्लायवूड आणि मध्ये बाल्सा.

विमानाच्या आराखड्याकडे गंभीरपणे पाहायचे ते यासाठी. त्यातली प्रत्येक रेघ वजनाला आणि बळाला उत्तर देते. ‘वैमानिक शास्त्र’ या पोथीतल्या आकृत्या प्राचीन विमानविद्येचा पुरावा म्हणून आजही दाखवल्या जातात, पण बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये त्या तपासल्या, तेव्हा त्यांतले एकही यान उडण्याजोगे नसल्याचे आणि पोथी विसाव्या शतकातली असल्याचे स्पष्ट झाले. मुलांना ती चित्रे दाखवण्यापेक्षा बाल्साची एक पट्टी दोन्ही दिशांनी वाकवायला द्यावी.

आमच्या मुलांनी चार रिबा बाणाप्रमाणे पुन्हा कापल्या आणि दुसऱ्या वेळी कागद वाळूनही पंख सरळ राहिला. त्यांतल्या एका मुलीने नंतर विचारले, की बीड आणि धाराशिवच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांची पाती इतकी लांब असूनही ताठ कशी राहतात. अनेक पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यातही बाल्सा असतो, मात्र तिथे त्याचे तंतू पात्याच्या लांबीला धावत नाहीत. लांबीचा ताण बाहेरचे काचतंतूंचे कवच घेते. गाभ्याचे काम दोन कवचांमधले अंतर चेपू न देण्याचे असते, म्हणून तिथे बाल्साचे तुकडे तंतू कवचाशी काटकोनात उभे राहतील असे बसवतात.