ड्रेनच्या बाटलीत न दिसणारं रक्त

हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात विकाराच्या रुग्णाचा गुडघा बदलला आणि ड्रेनच्या (जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत 300 मिली जमलं, तर 300 मिलीच रक्त गेलं असं कुणी धरत नाही. बरंचसं रक्त मांडीच्या स्नायूंत आणि सांध्याभोवती मुरतं. ते बाटलीत येत नाही, भिजलेल्या गॉजच्या वजनातही सापडत नाही. म्हणून हिशेब हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवरून करायचा.

उंची 165 सेंटिमीटर, वजन 55 किलो असा पुरुष घ्या. नॅडलर यांच्या 1962 सालच्या सूत्राने त्याच्या अंगात साधारण 4 लिटर रक्त भरतं. शस्त्रक्रियेआधी हिमॅटोक्रिट 40 होता, तिसऱ्या दिवशी 30 आला. फरक 10, सरासरी 35. 4 लिटरला 10 ने गुणून 35 ने भागलं की 1,140 मिली येतात. हे ग्रॉस यांचं 1983 सालचं सूत्र. मधल्या काळात रक्त चढवलं असेल तर तेही यात मिळवायचं. पहिल्या दिवशीचा आकडा मात्र फसवा: सलाइनने रक्त पातळ झालेलं असतं आणि आतलं मुरणंही थांबलेलं नसतं.

हेच सूत्र उलटं चालवलं की अंदाज मिळतो. 33 हिमॅटोक्रिटच्या माणसाचं तेवढंच रक्त गेलं तर हिमॅटोक्रिट 25 च्या जवळ येतो, म्हणजे हिमोग्लोबिन 8 च्या आसपास. तिथे रक्त चढवायचा विषय निघतोच. लोहाची साधी कमतरता काही आठवडे आधी पकडली असती तर कदाचित निघाला नसता.

किती जाईल हे गुडघ्यावरही ठरतं. वर्षानुवर्षं सांध्यात रक्त साचून आतलं अस्तर जाड आणि लोहाने तपकिरी झालेलं असतं. ते काढलं की ती जागा पाझरते. गुडघा 30-40 अंशांत वाकून अडकलेला असेल तर मऊ ऊती जास्त सोडवाव्या लागतात आणि वेळ वाढतो. मांडीच्या हाडात मापाचा दांडा घालायला पाडलेलं भोक उघडं राहिलं तर मज्जेतून रक्त येत राहतं. कापलेल्या हाडाचाच तुकडा ठोकून ते बुजवतात.

असे घटक एकत्र करून संगणकी मॉडेल बांधता येतं, पण हिमोफिलियात रुग्ण मोजके. 30 जणांच्या नोंदींत 12 घटक कोंबले तर मॉडेल त्या 30 जणांपुरतंच शहाणं होतं. आमच्या मते दोन-तीनच घटक घ्यावेत.

आणि फॅक्टर, म्हणजे रुग्णात कमी असलेलं रक्त गोठवणारं प्रथिन? हिमोफिलिया ए मध्ये किलोमागे 1 युनिट फॅक्टर आठ दिलं की पातळी सुमारे 2 टक्के चढते. आपल्या रुग्णाला शून्यावरून 100 वर न्यायला 2,750 युनिट लागतात. अर्धायुष्य 8 ते 12 तास, त्यामुळे सकाळी आठला 100 असलेली पातळी रात्री आठला 50 किंवा त्याहून खाली असते. पहिले तीन दिवस ती 60 ते 80 राखायची असल्याने पुढचा डोस त्याआधीच द्यावा लागतो.

इनहिबिटर, म्हणजे फॅक्टरविरुद्धची प्रतिपिंडं असली तर हा हिशेब मोडतो. म्हणून ही प्रतिपिंडं मोजणारी बेथेस्डा चाचणी शस्त्रक्रियेच्या तोंडावर पुन्हा करतात, शिवाय एक डोस देऊन पातळी खरंच चढते का ते बघतात. रुग्ण एमिसिझुमॅबवर, म्हणजे फॅक्टर आठचं काम करणाऱ्या औषधावर असेल तर प्रयोगशाळेला आधी कळवायचं. या औषधाने एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी नॉर्मल दिसते आणि नेहमीच्या पद्धतीने मोजलेला फॅक्टर आठ खोटा वाढलेला येतो. तिथे गायीच्या रक्तातले गोठवणारे घटक वापरणारी क्रोमोजेनिक (रंगबदलावरून मोजणारी) चाचणीच मागावी लागते.