काळा पाषाण आणि अणुकचरा

आमच्याकडे नाशिकला विहीर खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. सुरुंग लावत खाली जायचं आणि पाषाणात भेग सापडली तरच पाणी. अणुकचरा पुरायला नेमकं याच्या उलट लागतं: भेग नको, पाणी नको आणि हजारो वर्षं कुणी तिथे खणायलाही नको.

हा आपल्याच जातीचा दगड एकदा अणुकचऱ्यासाठी तपासला गेला होता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला नाशिकसारखाच लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. नागासाकीवरच्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथेच बनलं, कचराही तिथेच साठला. जवळून कोलंबिया नदी वाहते. १९८६ मध्ये कायमच्या पुरणासाठी तीन जागा अंतिम ठरल्या : हॅनफर्ड, टेक्सासमधला डेफ स्मिथ परगणा आणि नेवाडातला युक्का डोंगर. तिन्ही ठिकाणी खोल तपासणी करून मग निवड करायची, असं ठरलं होतं. पण १९८७ च्या डिसेंबरात संसदेने कायदाच बदलला आणि फक्त युक्का तपासायचा असं ठरवून टाकलं. नेवाडाची माणसं त्या दुरुस्तीला आजही शिवी घालूनच तिचं नाव घेतात. ज्यांची ती वडिलोपार्जित भूमी, त्या शोशोनी लोकांचा विरोध तर आधीपासून होता. २००२ मध्ये नेवाडाच्या गव्हर्नरने कायद्यातला नकाराधिकार वापरला, तो संसदेने फिरवला. शेवटी ओबामांच्या काळात प्रकल्प गुंडाळला गेला. तोवर अब्जावधी डॉलर डोंगरात गेले होते.

जर्मनीतलं गोर्लेबेन मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे शेतकरी पुढे होते. १९७७ मध्ये लोअर सॅक्सनीचे मुख्यमंत्री अर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी पूर्व जर्मनीच्या सीमेलगतचं हे खेडं अणुकचऱ्यासाठी जाहीर केलं. खाली मिठाचा प्रचंड घुमट, वर विरळ वस्ती. १९७९ च्या मार्चमध्ये तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हॅनोव्हरला निघाले. मोर्चा वाटेवर असतानाच अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि हॅनोव्हरमध्ये गर्दी लोटली. वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करायचा तिथला नियोजित कारखाना त्याच वर्षी मागे घ्यावा लागला, मिठाच्या घुमटाचा तपास मात्र चालूच राहिला. २०२० मध्ये नव्या निकषांवर देशभरातल्या जागा पुन्हा तपासल्या, तेव्हा भूगर्भाच्या कारणानेच गोर्लेबेन यादीबाहेर गेलं. चाळीस वर्षं ‘भावनेच्या आहारी गेलेले’ म्हणून हिणवलेल्या लोकांना त्या दिवशी काय वाटलं असेल!

फिनलंडमध्ये उलटं घडलं. तिथे गावाने नाही म्हटलं तर विषय संपतो, असा कायदा आहे. युराजोकी गावाने २००० मध्ये पुरणाला होकार दिला, पुढच्या वर्षी संसदेने. गावात अणुवीज केंद्र आधीपासून होतं, हेही खरं. ओळखीच्या धंद्याची भीती कमी वाटते.

आपल्याकडे तारापूर काही फार लांब नाही, जव्हारचा घाट उतरलं की पालघर. तिथे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते, उरलेला तीव्र किरणोत्सारी भाग काचेत मुरवून थंड होण्यासाठी ठेवला जातो. ही सोय काही दशकांची. खोल पुरणाची जागा हा वेगळा प्रश्न.

तो प्रश्न उघड्यावर आला कर्नाटकातल्या कोलारमध्ये. तिथल्या सोन्याच्या खाणीत भाभा अणुसंशोधन केंद्राने पूर्वी खडक तापवून त्याचं वागणं पाहिलं होतं. किरणोत्सारी काही नेलं नव्हतं. २००१ मध्ये खाण बंद झाली, गाव बेकार झालं. मग २०१२ च्या नोव्हेंबरात, तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कचरा पुरायची जागा म्हणून कोलारच्या खाणीचा उल्लेख आला. लोकांना कळलं ते बातम्यांतून. रस्त्यावर उतरल्यावर सरकारने तसा बेत नसल्याचा खुलासा केला.

पाथर्डी शिवारातल्या, शहराच्या कचऱ्याच्या खतप्रकल्पाच्या वासाने हैराण झालेल्या नाशिककराला यातलं निम्मं तरी समजावून सांगावं लागणार नाही. त्या कचऱ्याचा निदान वास तरी येतो.