गोठ्यातला जुना पंप, मेपलचं रान आणि मोटर किती एचपीची लावायची

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मार्च म्हणजे चिखलाचा महिना. रात्री उणे सहा-सात, दुपारी अधिक पाच-सहा, आणि ह्याच वर-खाली होण्यावर मेपलचा, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून गोड सिरप करायचा, सगळा धंदा चालतो. आमच्या शेजारच्या आजोबांचं आठशेएक झाडांचं रान आहे, शिवाय एक छोटं शुगरहाऊस, म्हणजे आपल्या भाषेत गुऱ्हाळच. काहील, धूर, गोड वाफ, रात्रभर जागणारी माणसं, सगळं सेम, फक्त उसाच्या जागी झाडाचा रस. गेल्या हंगामाआधी त्यांनी एका बंद पडलेल्या गोठ्यातून दूध काढायच्या मशीनचा जुना व्हॅक्यूम पंप उचलून आणला, पण नुसता पंप, मोटर कुणीतरी आधीच काढून नेलेली. तुम्ही इंजिनियर आहात ना मग सांगा कुठली मोटर लावू, असं म्हणून त्यांनी मला पकडलं. मी आपला सॉफ्टवेअरवाला, पण इज्जतीचा प्रश्न होता.

आता गाईच्या पंपाचं झाडाशी काय काम? रात्री फांद्या गोठतात तेव्हा झाड खालून पाणी वर ओढून घेतं, आणि दिवसा वितळलं की लाकडात अडकलेला गॅस फुगतो, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो, मग खोडाला जिथे भोक असेल तिथून रस बाहेर यायला लागतो. बादल्या लटकवायची जुनी पद्धत एवढ्यावरच चालायची. 1950च्या दशकाच्या शेवटी प्लास्टिकच्या नळ्या आल्या, सगळी झाडं एकमेकांना जोडली गेली, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आतला दाब वाढवता येत नसेल तर बाहेरचा कमी करू. व्हॅक्यूम झाड पिळत नाही, फक्त भोकाच्या तोंडाशी दाब कमी करतो. नळीतला व्हॅक्यूम, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती कमी आहे ते, पाऱ्याच्या इंचात मोजतात, आणि दर एका इंचामागे साधारण 5 ते 7 टक्के रस जास्त मिळतो असा इथला अनुभव. रसात साखर जेमतेम 2 टक्के, एक लिटर सिरपला 43 लिटरच्या आसपास रस आटवावा लागतो, त्यामुळे दोन-चार इंचासाठी माणसं जीव का टाकतात ते कळतं.

व्हरमाँटमध्ये एकेकाळी हजारोंनी गोठे होते, आता काही शेकडाच उरलेत, म्हणून असे पंप कोपऱ्याकोपऱ्यात पडलेले सापडतात. आतून अगदी साधे असतात. गोल पोकळीत थोडा एका बाजूला सरकवलेला रोटर, रोटरला खाचा, खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन भिंतीला चिकटतात आणि हवा एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने ढकलतात, वरून तेल थेंब थेंब पडत असतं. मेख इथेच आहे. पट्ट्या फेकल्या जातात त्या फिरण्याच्या जोरावर, म्हणून फारच हळू फिरवला तर त्या भिंतीला नीट टेकत नाहीत आणि हवा मागे गळते, फार जोरात फिरवला तर पट्ट्या घासून संपतात आणि पंप तापतो. म्हणजे एचपीच्या आधी विचारायचं आरपीएम, मिनिटाला फेऱ्या किती.

आजोबांच्या पंपावरची पत्र्याची पट्टी केरोसीनने पुसली तेव्हा वाचता आलं, 950 आरपीएम. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे चार पोलची मोटर 1725 ने फिरते (आपल्याकडे 50 हर्ट्झवर तीच 1440 च्या आसपास). मोटरला 5 इंची पुली आणि पंपाला 9 इंची, 1725 गुणिले 5 भागिले 9, आले 958. झालं. आजोबांच्या हातात मात्र 6 इंची पुली तयार होती, "जरा जास्त फिरला तर जास्तच ओढेल ना?" ओढेल, पण 1150 ने फिरेल, आणि हा पंप फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 20 टक्के जास्त एचपी आणि वर जास्तीची उष्णता. विहिरीवरच्या पंपाचं गणित तर अजून बेक्कार, तिथे फेऱ्या दुप्पट केल्या की ताकद आठपट लागते.

मग एचपी. जुन्या डेअरीवाल्यांचा ठोकताळा असा की 15 इंच व्हॅक्यूमला मिनिटाला 10 घनफूट हवा काढायची तर 1 एचपी. आजोबांचा पंप 20 घनफुटांचा, म्हणजे 2 एचपी. पण हा हिशोब गाईचा आहे! गाईला 12 ते 15 इंच पुरतात, त्याहून जास्त लावलं तर सडांना इजा होईल. झाडाला सड नाहीत, मेपलवाले 25 इंचांच्या मागे असतात, आणि समुद्रसपाटीला संपूर्ण वातावरणच 29.92 इंचांचं आहे.

15 इंचाला आत वातावरणाच्या निम्मा दाब उरतो म्हणून पंप हवा साधारण दुप्पट दाबून बाहेर सोडतो, 25 इंचाला सहावा हिस्सा उरतो म्हणून सहापट. पण सहापट दाबतो म्हणजे तिप्पट ताकद लागते असं नाही, कारण व्हॅक्यूम जितका चांगला तितकी पंपात शिरणारी हवाच विरळ, दाबायला मुळात माल कमी. पंप हवा हळूहळू दाबून मगच बाहेर सोडत असेल, आणि तापमान स्थिर धरलं, तर गणित सांगतं की सगळ्यात जास्त ताकद 19 इंचाच्या आसपास लागते आणि त्यापुढे उलट कमी होत जाते. मला स्वतःला हे कागदावर करून बघेपर्यंत पटलं नव्हतं. पण बाहेरच्या तोंडाला झडप नसलेला, नुसतंच भोक असलेला पंप असेल तर बाहेरची हवा दर फेरीला आत धडकते आणि पट्टीला ती पूर्ण दाबाने परत ढकलावी लागते. अशा पंपाचा लोड व्हॅक्यूमबरोबर सरळ चढतो, 15 चा 25 झाला की दीडपटीहून जास्त. आजोबांचा पंप ह्या दुसऱ्या जातीचा निघाला, म्हणून 2 नाही, निदान 3 एचपी. शिवाय आत हवा कमी म्हणजे उष्णता बाहेर नेणारंही कुणी नाही, पंप तापणार, तेल जास्त सोडावं लागणार.

आणि 5 एचपी लावली तर? काही नाही, मोटर पंप मागेल तेवढीच ताकद देते. मोठ्या मोटरने व्हॅक्यूम अर्धा इंचही वाढत नाही, वायर मात्र जाड लागते.

शेडमध्ये तीन मोटरी होत्या. एक थ्री फेज, ती तशीच बाजूला ठेवली, कारण इथे रानात थ्री फेज येतच नाही. दुसरी एअर कॉम्प्रेसरची, स्टिकरवर ठसठशीत 5 एचपी, पण खाली बारीक अक्षरात 230 व्होल्ट, 15 अँपिअर. खरी 5 एचपीची सिंगल फेज मोटर 230 वर 28 अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे स्टिकर थापा मारतंय, आणि तसंही ती 3450 ने फिरणारी. एचपी वाचू नका, अँपिअर वाचा! तिसरी गोठ्यातलं शेण बाहेर ढकलणाऱ्या साखळीची, काळपट, अंगावर वाळलेलं शेण, 3 एचपी, 1725, 230 व्होल्टला 17 अँपिअर, पूर्ण बंद बॉडी, कपॅसिटरवर सुरू होणारी आणि सतत चालण्यासाठी असा शिक्का. हीच. पहाटेच्या थंडीत तेल मधासारखं घट्ट होतं, सुरुवातीचा जोर असल्याशिवाय पंप हलत नाही, आणि एकदा रस सुटला की दोन-दोन दिवस बंद करायचं नसतं.

पंप रानाच्या खालच्या टोकाला, मीटरपासून चारशे फूट. जाता-येता वायरचा रेझिस्टन्स मिळून अर्धा ओहम, 17 अँपिअरला साडेआठ व्होल्ट गेले, चालेल. हीच मोटर 115 वर जोडली असती तर 34 अँपिअर आणि 17 व्होल्ट गायब, म्हणजे 15 टक्के. कमी व्होल्टेजवर मोटर कशी जळते हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. सुरू होताना तर करंट पाच-सहापट असतो, 230 वर पण क्षणभर पन्नासएक व्होल्ट पडतात, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर चालतो म्हणून 40 टक्के जोर तिथेच गेला. उपाय सोपा, नळीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप मोकळ्या हवेत सुरू करायचा, वेग आला की बंद करायचा. आणि मधे एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, हवाच, नाहीतर वीज गेली की नळीतला व्हॅक्यूम पंपालाच उलटा फिरवतो.

पहिल्यांदा चालू केला तर गेज 17 वर अडकलं, वायरला चिमट्यासारखं लावून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर 12 अँपिअर. आजोबा लगेच म्हणाले मोटर कमी पडतेय. कमी पडत असती तर अँपिअर नेमप्लेटच्या वर गेले असते, म्हणून आम्ही बर्फातून नळ्यांच्या बाजूने चालत गेलो. खारींनी नळ्या कुरतडून ठेवल्या होत्या, कान लावला की फुस्स आवाज, आणि आत ओढली गेलेली एवढीशी हवा सुद्धा 25 इंचाला सहापट फुगून पंपाची जागा खाते. अकरा ठिकाणी नळी कापून जोडली. दुपारी परत येऊन बघितलं तर गेज 23 वर, आणि क्लॅम्प मीटर 12 वरून 15 वर चढलेला. आजोबा घाबरले, मी खूश, 17 च्या आत आहे आणि झडप नसलेला पंप व्हॅक्यूमबरोबर चढणारच. त्यांनी पंपावर हात ठेवून बघितला, चटकन काढला, आणि तेलाचा स्क्रू अर्धा आटा सैल केला.